सकाळचे चार मायक्रॉन

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहिल्या पानावर नाव लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. दानेश्वरी, वय एक्केचाळीस, तपासणी विभाग. विभाग म्हणजे काचेची एक खोली, एक टेबल आणि मी. कारखान्यात दिवसभर आकडे लिहिते, तर घरी येऊन चार अक्षरंही लिहावीत असं वाटलं आणि ही वही आणली. रोज लिहीनच असं नाही.

आज नवीन मशीनची पूजा झाली. नवीन म्हणजे आमच्यापुरतं. कोइमतूरला कुणीतरी बारा वर्षं वापरलेलं आहे. रोटरी ग्राइंडर. खाली लोहचुंबकाचं गोल टेबल फिरतं, त्यावर पोलादी प्लेटा मांडायच्या, मग घासायचं चाक वरून फिरत खाली येतं आणि प्लेटा सपाट करतं. पुण्याच्या एका पंपवाल्या कंपनीनं ऑर्डर दिली आहे, जानेवारीपर्यंत चाचणीवर. जाडी बारा मिलिमीटर. चूक चालेल ती फार तर तीन मायक्रॉन, इकडं किंवा तिकडं. डोक्याचा केस सत्तर मायक्रॉन भरतो. आमचे मालक महेश्वरसाहेब, त्यांनी नारळ फोडताना हे सगळ्यांना असं ऐकवलं, जणू केस त्यांनीच मोजला होता. मोजला होता मी.

मशीनवर महिपतीमामा. वय पंचावन्न, कुर्डुवाडीहून रोज रेल्वेनं येणार. बावीस वर्षं तिकडच्या ठेकेदारांकडं मिळेल त्या मशीनवर काम केलं, नावाचं असं मशीन एकही नाही. आमच्याकडं प्रत्येक मशीनशेजारी पाटी असते. वर मशीनचं नाव, खाली चालकाचं. अक्षर चांगलं म्हणून ड्रिलिंगवरचा अभिमन्यू त्या रंगवतो. मामांची बायको बजाबाई पूजेला आली होती. तिला वाचता येत नाही. तिनं अभिमन्यूकडून पाटी दोनदा वाचून घेतली आणि पदरानं कडा पुसायला गेली, तर मामा म्हणाले, "आगं, रंग वला हाय आजून!"

कौतुक ठीक आहे. माप धरतात का ते उद्या कळेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला दिवस. आठ वाजून पाच मिनिटांनी शून्य घेतलं.

शून्य घेणं म्हणजे काय हे घरी अव्वाला, माझ्या आईला, अजून समजलेलं नाही, तिच्यासाठी इथं लिहून ठेवते, कधीतरी वाचून दाखवीन. जाडी मोजायचं माझं यंत्र काट्याचं आहे. त्याला आधी खरे बारा मिलिमीटर दाखवावे लागतात. त्यासाठी मास्टर असतो, एक छोटा पोलादी ठोकळा, प्रमाणपत्रासकट, लाकडी डबीत. डबीतून काढायचा, पुसायचा, कपाळाला लावायचा, काट्याखाली ठेवायचा आणि काटा शून्यावर आणायचा. मग मास्टर काढून तिथं प्लेट ठेवली की ती बारापेक्षा किती कमी, किती जास्त ते काटा सांगतो.

कपाळाला लावणं प्रमाणपत्रात नाही. ते अप्पांचं, माझ्या वडिलांचं. अप्पा मिलमध्ये फिटर होते. हत्याराला नमस्कार केल्याशिवाय त्याला कामाला लावायचं नाही, असं म्हणायचे. अप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली, मी एकही सकाळ चुकवलेली नाही. घरून निघताना दाराशी अव्वा "निल्लु!" म्हणून थांबवते आणि कपाळावर तीन बोटं विभूती ओढते, कारखान्यात अप्पांचा नमस्कार. एवढं झालं की दिवस सुरू. अव्वाचा हात सढळ आहे. भिंतीला चुना द्यावा तशी लावते, आणि वाळली की माझ्या चष्म्यावर सांडते.

मामांनी पहिली प्लेट आणली. काटा उणे चार.

"ताई, मशीनवर तर बराबर लागतंय की."

"काटा उणे चार सांगतोय, मामा."

"बरं," म्हणाले, आणि चाक चार मायक्रॉन वर घेतलं. पुढच्या प्लेटा शून्य. वाद घालत नाहीत, हा चांगला गुण आहे.

जेवणानंतर मी पुन्हा शून्य घेते. तेव्हा नमस्कार नसतो, तो सकाळचा एकदाच. दुपारी पहिलीच प्लेट अधिक चार आली. मामांनी पुन्हा "बरं" म्हणून चाक खाली घेतलं. म्हणजे हे मशीन सकाळी एक आणि दुपारी एक वागतं. जुनं आहे, सवयी असणारच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पुण्याहून शिवानीचा फोन. ती तिकडच्या तपासणीत आहे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि बोलायला सरळ. म्हणाली, "मॅडम, प्रत्येक दिवसाचा अर्धा माल अधिक चार आहे. उरलेला अर्धा इतका सुंदर की आम्ही दोनदा मोजला." पेट्यांवर वेळ लिहिलेली असते. खराब निघालेला सगळा सकाळचा.

दुपारचं शून्य घेऊन आज सकाळच्या प्लेटा मी परत मोजल्या. सकाळी शून्य होत्या त्या सगळ्या अधिक चार. शिवानीचं खरं आहे. वाईट वाटलं, पण निदान आमच्या दोघींचे आकडे जुळतात.

१ डिसेंबर, सोमवार

साहेबांच्या खोलीत बैठक. कारण मीच सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. घासताना प्लेटांवर पाणी पडतं. त्याची टाकी बाहेर पत्र्याखाली, थंडीत रात्रभर गारठते. गार पाण्यानं प्लेट आक्रसते, माझ्या उबदार खोलीतल्या मास्टरपुढं कमी भरते, आणि ऊन चढलं की फुगून पुन्हा जास्त होते. उपाय सोपा. मशीन आणि पाणी सकाळी सातपासून रिकामं फिरवायचं, म्हणजे आठपर्यंत गारवा निघून जाईल.

"मामा, सातला जमेल?" साहेबांनी विचारलं.

"जमतंय की. आदली गाडी धरतो."

आदली गाडी म्हणजे घरातून अंधारात निघणं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आठवडाभर मशीन सातपासून फिरतंय म्हणे. सकाळचा माल रोज अधिक चार. एकदा तीन, एकदा पाच, पण बाजू तीच.

मी तक्ता केला. पाण्याची पातळी, चाकाची झीज, विजेचा दाब, पोलादाचा लॉट, हवा, मशीनवर कोण, मदतीला कोण. या खोलीच्या बाहेर जे जे होतं ते सगळं लिहिलं. एक सकाळ तेवढी चोख आहे, बुधवार. त्या दिवशी मी न्हाऊन उशिरा निघाले, रिक्षा दाराशी उभी होती, अव्वा विभूतीची गोळी घेऊन मागं ओरडत राहिली. शून्य घ्यायलाच साडेआठ झाले. तेवढ्यात मशीन जास्त वेळ फिरलं, म्हणून माल चोख. म्हणजे इतर दिवशी ते पुरेसं फिरत नाही. म्हणजे मामा सातला येत नाहीत.

गेटवरचा निंगप्पा म्हणतो, येतात. पण निंगप्पा आणि मामा एकाच चंचीतली तंबाखू खातात. टाकीत बोट घालून पाहिलं, पाणी कोमट वाटलं. पण बोट हे काही मोजमाप नव्हे. थर्मामीटर फुटलेला आहे, नवीन मागवलाय.

९ डिसेंबर, मंगळवार

आज मामांनी जरा जास्तच केलं. सकाळी मी शून्य घेत होते. ते दारात प्लेट घेऊन उभे. अभिमन्यू आणि आणखी दोघं त्यांच्या मागं. मामांनी खिशातून निळं फडकं काढलं, जुन्या गणवेशाचं, धुवून मऊ झालेलं, आणि पुढं केलं.

"ताई, पाया पडल्यावर एकदा फडकं फिरवा की ठोकळ्यावर."

मला कळेना. मास्टर मी आधीच पुसलेला असतो. मग लक्षात आलं, माझ्या कपाळाला लागलं म्हणून हे पुसायला सांगतायत. म्हणजे देवाचं नाव घेऊन हात लावला की यांच्या लेखी मास्टर विटाळला! माझं डोकंच फिरलं.

"मामा, आधी सातला येत जा," मी म्हणाले, "मग मला शिकवा."

मागचे तिघं हसले. मामांनी फडक्याची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं."

खरं सांगायचं तर बरं वाटलं मला. खोलीचा दरारा राहायला हवा.

१३ डिसेंबर, शनिवार

पुण्यानं लेखी कारण मागितलंय. साहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "तू लिही. तुझी सही असली की ते मान्य करतात." तेवढं खरं आहे.

लिहिलं, "चालक सूचनेप्रमाणे मशीन पुरेसा वेळ गरम करत नाही. चालक बदलण्यात येत आहे." लिहिताना एकच गोष्ट खटकली. माणूस कामचुकार असेल तर एखाद्या दिवशी जास्त कामचुकार असेल, एखाद्या दिवशी कमी. चूक रोज इतकी सारखी कशी? साहेब म्हणाले, "दानेश्वरी, सोमवारी पुण्याला कागद पोचायला हवा." मी सही केली.

१५ डिसेंबर, सोमवार

अभिमन्यूनं स्वतःच्या हातानं मामांचं नाव पांढऱ्या रंगाखाली झाकलं आणि वर आपलं लिहिलं. त्याला ते आवडलं नाही, अक्षरावरून दिसत होतं. मामा आता पॅकिंगला, पेट्यांत प्लेटा भरायला. साहेबांनी सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. मग पाटीपुढं थोडा वेळ उभे राहिले.

अव्वा काल अक्कलकोटकडं तिच्या भावाच्या गावी गेली, भावाला नात झालीय. पंधरा दिवस तरी येणार नाही. चहा माझा मीच करते. विभूतीसाठी थांबावं लागत नाही, सकाळची पाच मिनिटं वाचतात.

२० डिसेंबर, शनिवार

सहा सकाळी, सहाही चोख. शून्य, शून्य, उणे एक, शून्य, अधिक एक, शून्य. शिवानीनं फोनवर अभिनंदन केलं. साहेबांनी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माणूस बदलला, माल बदलला. आमच्या दानेश्वरीचा आकडा खोटं बोलत नाही."

पॅकिंगच्या टेबलावरही पेढे गेले. मामांनी घेतला की नाही ते पाहिलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

मामा सोमवारपासून आलेले नाहीत. निंगप्पा म्हणाला, आता येणार नाहीत. शनिवारी जाताना त्यांनी माझ्या टेबलावर ते निळं फडकं ठेवलं होतं, धुवून, चार घड्या घालून. विसरले असतील. ड्रॉवरमध्ये टाकलंय. कुणी कुर्डुवाडीला जाणारं असेल तर पाठवून द्यायला हवं.

२९ डिसेंबर, सोमवार

अव्वा काल आली. नातीचं कौतुक सांगताना थांबत नाही. सकाळी दाराशी पुन्हा "निल्लु!" झालं, पंधरा दिवसांची बाकी एकदम वसूल.

दुपारी सवयीनं सकाळच्या प्लेटा परत मोजल्या.

अधिक चार. सगळ्या.

मशीनवर अभिमन्यू आहे. आज सातला मीच आले होते, मीच बटण दाबलं होतं. नवीन थर्मामीटरनं पाणी सत्तावीस अंश होतं. कुणाला काही बोलले नाही. त्या पेट्या रोखून ठेवल्या.

३० डिसेंबर, मंगळवार

सकाळी शून्य घेतलं. पहिली प्लेट उणे चार. अभिमन्यू म्हणाला, "मॅडम, मशीनवर बरोबर वाटतंय." हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. त्याला थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

मास्टर उचलला. माझं पुसायचं कापड सकाळीच तेलानं माखलं होतं, म्हणून ड्रॉवरमधलं निळं फडकं घेतलं. ठोकळ्याच्या खालच्या बाजूवरून फिरवलं. निळ्यावर पांढरी रेघ उमटली. मास्टरला तेलाचा पुसट हात असतो, त्याला चिकटून आली होती. नाकाशी धरली. तो वास लहानपणापासून ओळखीचा आहे.

मास्टर पुन्हा ठेवला. काटा चारनं खाली उतरला.

मी आधी पुसत होते आणि मग कपाळाला लावत होते. विभूती ठोकळ्याखाली जायची, ठोकळा चार मायक्रॉन उचलला जायचा, आणि त्या उचललेल्या ठोकळ्याला मी बारा म्हणायची. मामांची पहिली प्लेट पहिल्या दिवसापासून बरोबर होती. माझा आकडा खरा धरून त्यांनी रोज सकाळी चांगला माल हातानं बिघडवला, आणि दुपारी परत नीट केला.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

मास्टर पुसला, मग शून्य घेतलं. माल चोख. विशेष काही नाही.

१ जानेवारी, गुरुवार

काल "विशेष काही नाही" असं लिहिलं, ते खोडत नाही. राहू दे तसंच.

काल दिवसभर मनात एकच हिशेब चालला होता. आता मी पुसून शून्य घेतलं की माल चोख येणार. अभिमन्यूचं नाव होईल, साहेबांना ऑर्डर मिळेल, आणि मामा कामचुकार ठरलेले आहेत ते तसेच राहतील. कुणाला काहीही कळणार नाही. इतकी सोपी गोष्ट माझ्या हातात कधी आली नव्हती.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. नऊ डिसेंबरला थांबले. त्यांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. पाया पडल्यावर फडकं फिरवा. मीच माझ्या हातानं ते लिहून ठेवलंय, आणि खाली लिहिलंय, बरं वाटलं मला. आणि ते फडकं विसरलं नव्हतं. ते ठेवून गेले होते.

अव्वाला सांगितलं. तिनं विभूतीची गोळी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, "चार मायक्रॉन म्हणजे केवढं गं?"

मी डोक्याचा एक केस उपटून तिच्या तळहातावर ठेवला. "याचे उभे सतरा भाग कर. त्यातला एक."

तिनं केस उजेडात धरून पाहिला. "एवढ्यासाठी माणसाला काढलंत?"

मी म्हणाले, विभूती आता नको. ती चिडली. "शिवाला कशाला मध्ये आणतेस? तुझी जीभ चालली ना त्या माणसावर?"

२ जानेवारी, शुक्रवार

साहेबांना सगळं सांगितलं. फडकं दाखवलं, काटा हलवून दाखवला. त्यांनी दार लावलं.

"हे किती जणांना माहीत आहे?"

"मला, अव्वाला आणि तुम्हाला."

"मग झालं तर. आता पुसतेस ना? माल चोख येतो ना? विषय संपला."

"आणि मामा?"

"मामांना मी दुसरीकडं चिकटवतो. माझ्या मेव्हण्याकडं लेथ आहे." मग आवाज खाली आणला. "विचार कर. चालकाची चूक झाली तर चालक बदलतो, त्यांना पटतं. तपासणीच चुकली म्हटलं, तर तुझ्या सहीचा प्रत्येक कागद ते उघडतील. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी सांगतोय."

दोघांसाठी सांगत होते. पण खोटं काहीच नव्हतं त्यात, तेच अवघड.

४ जानेवारी, रविवार

कुर्डुवाडीला गेले. निंगप्पानं पत्ता दिला होता. स्टेशनच्या मागं दोन खोल्या, दारात तुळस आणि एक मोडका स्टूल. बजाबाईनं मला ओळखलं. आत बसवलं, पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाटीवर आता कुनाचं नाव हाय?"

"अभिमन्यूचं."

"त्येनंच मला वाचून दावलं व्हतं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मामा भाजी घेऊन आले. मी उभी राहिले. पाठ करून आलेलं वाक्य विसरले. "मामा, तुमचं बरोबर होतं. माझं शून्य चुकत होतं," एवढंच आलं.

"व्हय," म्हणाले. "फडकं गावलं म्हना."

"तुम्हाला कधी कळलं होतं?"

"तुमी ठोकळा कपाळाला टेकवला की वाईच पांढरं सांडायचं. कवापासनं बघत व्हतो. बुधवारी तुमी बिनअंगाऱ्याच्या आलासा आन् माल बराबर निगाला, तवा पक्कं झालं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

मामांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "काय सांगू? ताईच्या द्यावानं माल बिघडतोय म्हनून? लोक काय म्हनतील, तुमाला काय वाटंल? म्हनून तुमालाच सांगितलं, तर तुमी म्हनलासा, आधी सातला येत जा." आवाज चढला नाही. "ताई, मी सातला येतच व्हतो. दीड म्हैना अंधारात घर सोडलं. येक दीस चुकला न्हाय. त्येच जितं खोटं ठरलं, तितं फडक्याचं कोन खरं धरनार?"

दीड महिना नव्हे, अकरा दिवस. पण दुरुस्त करायची ती वेळ नव्हती. मी रडले. मला रडणं जमत नाही, फार वेडंवाकडं झालं. बजाबाईनं चहा पुढं ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "घ्या, गार हुतोय."

"परत याल का?" निघताना विचारलं.

"ते तुमच्या हातात हाय व्हय?" मामा म्हणाले.

नव्हतं. एकच गोष्ट माझ्या हातात होती.

५ जानेवारी, सोमवार

पुण्याला पत्र पाठवलं, साहेबांना न विचारता. "दि. १३ डिसेंबरच्या अहवालातील कारण चुकीचे आहे. चालक महिपती यांनी सर्व सूचना पाळल्या होत्या. मास्टरच्या पृष्ठभागावर विभूतीचे कण राहिल्याने शून्य चुकत होते. चूक तपासणीची, म्हणजे माझी." कणांचा फोटो जोडला. पत्र पाठवून साहेबांना प्रत दिली.

त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. "दानेश्वरी, तू जा आता," एवढंच म्हणाले.

८ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस साहेब बोललेले नाहीत. शिवानीचा फोन आला. पुढचे तीन महिने माझ्या एकट्याच्या सहीवर माल घेणार नाहीत. मागची दोन वर्षं मी सही केलेले कागद फेब्रुवारीत येऊन बघणार आहेत. तिनं हे सगळं एका दमात सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, त्या दुपारच्या प्लेटा ज्यांनी केल्या त्यांना काढलं का तुम्ही? तसा माल आम्हाला दुसरीकडून येत नाही. चाचणी पुढं चालवायची तर तेच चालक हवेत."

"हे साहेबांना लिहून पाठवाल?"

"पाठवलंय."

संध्याकाळी साहेबांनी निंगप्पाला कुर्डुवाडीला पिटाळलं. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. पण मला तेवढं कागद उघडण्याचंच भय वाटत राहिलं. नऊ वर्षांच्या सकाळी आहेत माझ्या. ह्याच मास्टरवर आणखी काय काय मोजलंय, आणि कुणाकुणाला "उणे चार" म्हणालेय, कुणास ठाऊक.

१२ जानेवारी, सोमवार

गावात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू झालीय, रिक्षा मिळेना. दाराशी अव्वानं तीन बोटं ओढली, जरा पातळ.

पाटी अभिमन्यूनं तिसऱ्यांदा रंगवली. तो ड्रिलिंगवर परत गेला आणि शिट्टी वाजवत होता. नाव आता उंचवट्यासारखं दिसतं, खाली दोन थर आहेत. मामा पावणेसातलाच आले होते, निंगप्पानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

नवा नियम साहेबांनी भिंतीवर लावलाय. रोज शून्य घेताना तपासणीसाची एक सही आणि साक्षीदार म्हणून चालकाची एक. चालकाच्या सहीशिवाय माझं शून्य धरायचं नाही.

आठला मामा खोलीत येऊन उभे राहिले. मी डबी उघडली. मास्टर कपाळाला लावला. मग निळं फडकं घेतलं आणि सहाही बाजू पुसल्या, काट्याखालची जागा पुसली, मास्टर ठेवला. काटा शून्यावर आणला. सही केली आणि पेन मामांकडं दिलं.

त्यांनी पेन घेतलं नाही. चष्मा लावून काट्याकडं पाहिलं.

"परत घ्या," म्हणाले.

दोन महिन्यांत मी सांगितलेल्या प्रत्येक आकड्याला हा माणूस "बरं" म्हणाला होता. मी मास्टर उचलला, पुसला, ठेवला. शून्य.

"आनि येकदा."

पुन्हा उचलला, पुन्हा पुसला. पुन्हा ठेवला. शून्य.

मामांनी फडकं हातात घेतलं, उजेडाकडं धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, घडी करून मला परत दिलं. मग पूर्ण नाव लिहून सावकाश सही केली.

"बरं," म्हणाले.

मशीन आठ वाजून अकरा मिनिटांनी सुरू झालं.